टाकीच्या कपाटातली ओल

१

आधी चहात भुसा पडला. ‘अहो, जरा हळू ठोका,’ असं वर बघून म्हणणार, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या छतातून एक बूट आला, बुटामागून पाय आला, आणि पायाच्या मालकानं अशी काही बोंब ठोकली की माझ्या हातातलं गाळणं सिंकमध्ये पडलं.

तो आमचा प्लंबर होता. म्हणजे मांडीपर्यंतच आमच्याकडे होता, बाकीचा वर बाथरूममध्ये.

आमचं घर दुमजली. वरच्या मजल्याची जमीन सगळी लाकडी. खाली आडव्या तुळया, तुळयांवर फळ्या, आणि बाथरूममध्ये फळ्यांवर प्लास्टिकचं जाड आच्छादन. त्या जुन्या बाथरूमला मी इतकी विटले होते की नवा टब आणि नव्या टाइल्स असा हट्टच धरून बसले. म्हणून प्लंबर आला होता. एका भिंतीला टब आणि बेसिन होतं, तिथलं त्याचं काम उरकलं होतं. समोरच्या भिंतीला गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. त्यानं कपाटातली उंच टाकी बाहेर ओढली, रिकाम्या जागेत पाय ठेवला आणि थेट खाली आला.

ह्यांनी आणि धाकट्यानं मिळून त्याला उपसून काढला. घोटा मोडला होता. गाडीत बसेपर्यंत बिचारा कण्हत होता. बसल्यावर कण्हणं थांबवून धाकट्यावर ओरडला, ‘‘सुतार म्हणवतोस स्वतःला? बापाच्या घरात सडकं लाकूड घालतोस?’’

धाकटा म्हणजे माझा दीर. वरची सगळी जमीन त्यानंच घातलेली, आमच्या लग्नाच्या वर्षी. शिकून आल्यावरचं त्याचं पहिलं मोठं काम. पुढं कितीतरी वर्षं तो गिऱ्हाइकांना घरी आणून ती जमीन दाखवायचा आणि मी चहा करून करून थकायचे.

मी वर जाऊन भोकात वाकून बघितलं. कपाटाखालच्या तुळईवर बोट दाबलं तर बोट आत गेलं. चहात बुडवलेलं बिस्कीट होतं ना, तसं लाकूड. काळं, ओलं, आणि त्यावर सगळीकडे टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. किडीनं आतून पार पोखरून खाल्लं होतं.

माझी जीभ एकदा सुटली की तिला आवरणारा अजून जन्माला यायचाय. मी म्हणाले, ‘‘भावोजी, निदान घरच्यांना तरी सोडायचं होतंत.’’

तो टॉर्च घेऊन बाथरूममध्ये गेला आणि आतून कडी घातली. आम्ही बाहेर ताटकळत उभे. बाहेर आला तेव्हा चेहरा पांढराफटक.

‘‘प्लंबर म्हणाला ते खरंय,’’ तो म्हणाला. ‘‘जुनं, कीड लागलेलं लाकूड वापरलं होतं मी. माझीच चूक.’’

२

प्लंबरचा पाय प्लास्टरमध्ये होता, पण तोंड मोकळं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर दुकानदारानं सुटे देताना विचारलं, ‘‘काय हो, दिरानंच फसवलं म्हणे?’’ मी पिशवी उचलून घरी आले. उरलेले पैसे घ्यायचेही राहिले.

आणि नेमकी त्याच वेळी धाकट्याला वाचनालयाची जमीन घालायचं काम मिळालेलं. गावातलं मोठं वाचनालय, वरचा सगळा मजला. एवढ्या कामासाठी त्यानं आपल्या वर्कशॉपमध्ये नवं यंत्र आणून ठेवलं होतं.

‘‘सोमवारी त्यांना सगळं कळव,’’ आमचे हे म्हणाले. ह्यांना सगळं रीतसर लागतं. ‘‘उद्या त्या जमिनीवर पुस्तकांची कपाटं उभी राहणार, माणसं चालणार. तू नाही कळवलंस तर मी कळवीन.’’

‘‘कळवतो,’’ धाकटा म्हणाला. ‘‘आणि वर्कशॉपही बंद करतो. कुठल्या तोंडानं आता दुसऱ्याच्या घरात लाकूड घालू?’’

अण्णा, म्हणजे माझे सासरे, खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. त्यांनी पानही उलटलं नाही. अण्णा म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस. वजनकाट्यांचे निरीक्षक होते. खोटं वजन ठेवणारा दुकानदार त्यांची सावली दिसली तरी शटर ओढून घ्यायचा म्हणे. मी मैत्रिणींत फुशारक्या मारायचे, की सासरा असावा तर असा. सगळ्यांच्या आधी उठून, आंघोळ उरकून तयार. धुण्यात त्यांचा पायजमा आठवड्यातून एखादा, बाकी कपडे मळतच नाहीत ह्या माणसाचे! सासूबाई गेल्यापासून जरा अबोल झाले होते, आणि बोटांचे सांधे सुजायचे म्हणून सदऱ्याचं वरचं बटण धाकटा लावून द्यायचा, एवढंच.

अशा माणसाच्या पोटी असला मुलगा, असं मला तेव्हा वाटलं. वाटलं ते वाटलं, मी ते ह्यांना बोलूनही दाखवलं.

त्याच दुपारी दारात मावशी उभी राहिली. सासूबाईंची धाकटी बहीण. सगळे तिला ‘क्लेमवाली मावशी’ म्हणतात, कारण तिचा जन्म विमा कंपनीत गेला. कुणाकडे आग लागली, छत पडलं, ओल आली की खरं काय आणि बनाव काय हे बघायला हिला पाठवायचे. आता गुडघे कुरकुरतात, पण नाक शाबूत आहे.

ह्यांनी तिला सगळी हकीकत सांगितली. ती चहा संपेपर्यंत गप्प ऐकत होती.

‘‘प्लंबर पडला, धाकटा आत गेला, बाहेर आला आणि कबूल झाला,’’ ती म्हणाली. ‘‘बरोबर?’’

‘‘बरोबर.’’

‘‘त्याला कुणी काही विचारलं होतं?’’

आम्ही एकमेकांकडे बघितलं. विचारायच्या आधीच बोलला होता खरा.

मावशीनं कप खाली ठेवला. ‘‘माणूस चूक कबूल करायला इतकी घाई करत नाही रे. इथं काहीतरी पाणी मुरतंय. मला एक पेचकस दे आणि त्या बाथरूममध्ये मी बोलावल्याशिवाय कुणी येऊ नका.’’

३

बोलावलं ते मलाच. ‘‘तुझे गुडघे चांगले आहेत, तू वाक,’’ ती म्हणाली.

फळ्या बऱ्याचशा काढलेल्या होत्या. तुळया टबाच्या भिंतीपासून निघून कपाटाच्या भिंतीपर्यंत आलेल्या उघड्या दिसत होत्या. मावशीनं पेचकसाची मूठ माझ्या हातात दिली. ‘‘टबाखालच्या टोकाला ठोक.’’

टण्ण आवाज आला. हाताला झिणझिण्या आल्या.

‘‘आता त्याच तुळईचं कपाटाखालचं टोक.’’

थप. पेचकस रुतून बसला.

‘‘एकच लाकूड,’’ मावशी म्हणाली. ‘‘एक टोक पैलवान आणि दुसरं मरायला टेकलेलं. धाकट्यानं कीड लागलेलं लाकूड घातलं असतं तर ते काय फक्त कपाटाखालीच किडकं असतं? आता ती भोकं बघ. रंग कुठं आहे?’’

तुळयांना धाकट्यानं तांबडा रंग दिला होता. मी टॉर्च धरून बघितलं. रंग भोकांच्या काठापर्यंतच होता. आतली कड कोरी, बिनरंगाची.

‘‘आधीच भोकं असलेलं लाकूड रंगवलं तर रंग भोकात उतरतो. इथं किडीनं आतून बाहेर येताना रंग फोडलाय. आधी रंग, मग कीड. कीड येते ओलीला. म्हणजे लाकूड घातलं तेव्हा निरोगी होतं, नंतर कुणीतरी ते वर्षानुवर्षं ओलं ठेवलं. तुझा दीर धादांत खोटं बोलतोय, सूनबाई.’’

‘भावोजी, निदान घरच्यांना तरी,’ हे माझे शब्द माझ्याच कानात वाजले. धरणीनं पोटात घेतलं तर बरं असं झालं मला, आणि आमच्याकडे तर तशी सोयही झालेली होती.

‘‘पण मावशी, निर्दोष माणूस स्वतःच्या तोंडाला काळं का फासून घेईल?’’

‘‘तेच तर शोधायचंय.’’ ती कपाटाच्या आत, टाकीमागच्या भिंतीजवळ टॉर्च नेत होती. मधेच थांबली. भिंतीतल्या लाकडी पट्टीवर एक लहानसं भोक होतं. त्याभोवती गंजाचं कडं, आणि पट्टीला ताजा ओरखडा.

‘‘इथं खूप दिवस खिळा होता,’’ मावशी हळूच म्हणाली. ‘‘आणि तो कुणीतरी कालपरवाच उपटलाय.’’

४

मग सुरू झाल्या चौकश्या. मावशी कुणालाही सोडत नाही, मलाही सोडलं नाही.

‘‘हिच्यापासून सुरुवात कर,’’ आमचे हे म्हणाले. ‘‘बाथरूम धुते म्हणजे पूर आणते. बादल्याच्या बादल्या ओतते.’’

‘‘हो का? आणि टाकीच्या कपाटाचं दार उघडून आत ओतते का मी?’’

‘‘भांडू नका,’’ मावशी म्हणाली. ‘‘तू काय टाकतेस पाण्यात?’’

‘‘फिनेल.’’

मावशीनं मला परत वर नेलं. कपाटातली एक काळी पडलेली फळी ओल्या बोटानं चोळायला लावली. बोटाखाली बुळबुळीत लागलं आणि बारीक फेस आला. साबण होता तो. फिनेलचा मागमूस नव्हता. मी सुटले.

टाकीच्या बुडाशी पत्र्याचा ट्रे असतो. टाकी गळाली तर पाणी त्यात पडावं म्हणून. तो ट्रे कोरडा होता आणि त्यात इतकी धूळ होती की बोटानं नाव लिहावं. टाकीही सुटली.

मग ह्यांची पाळी. ‘‘तो खिळा तू ठोकलास?’’

‘‘मी? मावशी, मी ठोकलेला खिळा असता तर भोक वाकडं असतं.’’

हे इतकं खरं होतं की मावशीनं पुढं विचारलंच नाही. टबाजवळच्या भिंतीत ह्यांनी आरशासाठी केलेली खोदाखोद आम्ही रोज बघतोच.

राहिला प्लंबर. आम्ही दोघी त्याच्या घरी गेलो. तो स्टुलावर पाय टाकून बसला होता. मावशीनं सरळ विचारलं, ‘‘तुमचा एखादा सांधा गळत नव्हता ना?’’

‘‘माझे सांधे समोरच्या भिंतीला होते, बाई! तिथलं लाकूड ओलं असेल तर नाव बदलतो.’’ तो उखडला. ‘‘उगाच माझ्यावर ढकलू नका. मी टाकी ओढली तेव्हाच कळलं होतं मला, मागं काहीतरी आहे. कपाटातून असा भपकारा आला.’’

‘‘कसला? कुजलेल्या लाकडाचा?’’

तो जरा विचारात पडला. ‘‘नाही. ओले कपडे दमट जागी राहिले की येतो ना, तसला.’’

परत येताना फाटकाशी पोचल्यावर मावशी म्हणाली, ‘‘फळीवरचा काळा पट्टा बघितलास? गोल डाग नाही, लांबट पट्टा. बरोबर त्या खिळ्याच्या खाली. खिळ्याला कुणीतरी धुतलेले कपडे लटकवत होतं. तिथं गरम असतं, लवकर वाळतात. टाकीच्या मागं असल्यामुळं दार उघडलं तरी दिसत नाहीत.’’

‘‘अहो पण घरात मशीन आहे, बाहेर दोरी आहे! चोरून कपडे कोण वाळवेल? आणि वाळत घातलेल्या कपड्यांनी तुळई कुजते होय?’’

‘‘पिळलेल्या कपड्यांनी नाही कुजत,’’ मावशी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. ‘‘चल, चहा ठेव. सगळ्यांना बोलव.’’

५

चहाच्या टेबलाशी आम्ही सगळे बसलो. अण्णा, धाकटा, हे, मी आणि मावशी. मावशी अण्णांची मेव्हणी, त्यामुळं चेष्टा करायचा तिचा हक्क जुना. ‘‘काय दाजी, बाथरूम नाही तर आंघोळीला काय समुद्रावर जाता?’’ असं काहीबाही चाललं होतं. अण्णा कसनुसे हसत होते.

मग मावशीच्या कोपराचा धक्का लागून पाण्याचा पेला कलंडला. मी उठणार, तर तिनं टेबलाखालून माझा पाय दाबला. स्वतःच फडकं घेऊन पाणी टिपलं आणि ते भिजलेलं फडकं अण्णांच्या पुढं धरलं.

‘‘दाजी, तुमच्याजवळ बशी आहे. तेवढं पिळून द्या हो.’’

अण्णांनी फडकं घेतलं. दोन्ही तळहातांत धरलं. बोटं वळेनात. त्यांनी तळव्यांनी दाबून बघितलं, थोडं पाणी गळलं, बाकी फडकं तसंच जड. ते त्यांनी बशीत ठेवलं आणि बशीच्या काठावरून पाणी टेबलावर ओघळू लागलं.

धाकटा ताडकन उठला. फडकं उचललं, कडकडून पिळलं आणि मावशीकडे असं बघितलं की मला वाटलं आता हा टेबल उलथून टाकतो.

‘‘झालं समाधान?’’ तो म्हणाला आणि निघून गेला.

मला काही म्हणजे काही कळलं नाही. मावशी गॅलरीत गेली. मी मागं गेले तर ती पदरानं डोळे पुसत होती.

‘‘काय झालं हो?’’

‘‘फार वाईट काम केलं मी आज,’’ ती म्हणाली. ‘‘हुशारी दाखवली. कोडं सुटलंय. पण सुटायला नको होतं असं वाटतंय.’’

६

रविवारी सकाळी ह्यांनी फोन धाकट्यापुढं ठेवला. ‘‘वाचनालयाचे सेक्रेटरी आज घरी असतात. उद्यावर कशाला ढकलायचं? बोलून टाक.’’

धाकट्यानं फोन हातात घेतला.

‘‘थांब,’’ मावशी म्हणाली. ‘‘तुझं लाकूड चोख होतं. मी ते दाखवून देऊ शकते.’’ आणि तिनं तुळईची दोन टोकं, रंग, भोकं सगळं ह्यांना समजावून सांगितलं. हे आधी चक्रावले, मग खजील झाले.

‘‘मग कबूल का झालास रे गाढवा?’’

‘‘माझं लाकूड, माझी जमीन,’’ धाकटा म्हणाला. ‘‘मी म्हणतोय ना चूक माझी! विषय संपला.’’

‘‘तू आत कडी लावून बसलास तेव्हा तुला टाकीमागं खिळा दिसला,’’ मावशी शांतपणे म्हणाली. ‘‘त्याला काहीतरी अडकलेलं असणार. एखादा दोरा, कापडाचा तुकडा. ते कापड तू ओळखलंस. खिळा उपटून खिशात टाकलास आणि बाहेर येऊन स्वतःचं नाव सांगितलंस.’’

‘‘मावशी, पाया पडतो तुझ्या. पुढं बोलू नकोस.’’

मी त्याला कधी कुणासमोर असं गयावया करताना बघितलं नव्हतं. मावशी थांबली. खरंच थांबली.

‘‘नाही बोलत,’’ ती म्हणाली. ‘‘मला माहीत आहे, पण सांगायचा हक्क माझा नाही. एवढंच सांगते. ज्याला कपडे पिळता येत नाहीत, ज्याला ते दोरीवर घालायची लाज वाटते, आणि जो सगळ्यांच्या आधी उठतो, अशा माणसानं ते केलंय. मुद्दाम नाही केलं. कुणाचं वाईट व्हावं म्हणून तर मुळीच नाही.’’

सगळ्यांच्या आधी कोण उठतं हे सांगायला मला मावशीची गरज नव्हती. आठवड्यातून एखादा पायजमा! आणि मी मूर्ख, मैत्रिणींना कौतुक सांगत फिरत होते. घरातल्या सगळ्यांचे मोजे न् मोजे ह्या हातांनी धुतले, आणि एका म्हाताऱ्या माणसाचे कपडे जातात कुठं हा प्रश्न मला कधी पडला नाही. मला त्यांच्याकडे बघवेना. मी टेबलाकडे बघत राहिले.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अण्णा उठले आणि आपल्या खोलीत गेले. दार लागलं.

‘‘झालं,’’ धाकटा म्हणाला. ‘‘हेच नको होतं मला. लाकूड काय, उद्या दुसरं मिळेल. त्यांनी आता आमच्यासमोर मान वर कशी करायची?’’

ह्यांना आत्ता कुठं उलगडा होत होता. हे तोंड उघडून माझ्याकडे बघत होते.

तेवढ्यात अण्णांचं दार उघडलं.

७

त्यांच्या हातात टॉवेलात बांधलेलं गाठोडं होतं. टॉवेल ओला झाला होता आणि त्याला प्लंबर म्हणाला होता तोच वास येत होता. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

‘‘सूनबाई, हे धुवायला घे,’’ ते म्हणाले. ‘‘पायजमे आहेत. कपाट मोडल्यापासून वाळवायला जागा नाही. ट्रंकेत ठेवत होतो.’’

मी गाठोडं घेतलं. जड होतं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण माझी ती सुप्रसिद्ध जीभ टाळ्याला चिकटून बसली.

अण्णा उभ्या उभ्याच बोलले, कुणाकडे न बघता. ‘‘झोपेत कळत नाही मला. बरीच वर्षं झाली. तुमची आई होती तोवर ती बघायची, तुमच्यापैकी कुणाला पत्ता लागू दिला नाही तिनं. ती गेल्यावर सांगणार कुणाला? सुनेला सांगू, की माझे कपडे... मुलांना सांगू? पहाटे उठून धुवायचो. पिळता येत नव्हते म्हणून तसेच टांगायचो. पाणी खाली जिरतंय हे लक्षातच आलं नाही.’’

‘‘अण्णा, राहू दे हो,’’ धाकटा म्हणाला.

‘‘नाही राहू द्यायचं. त्याची लाज होतीच, ती सोसली असती मी. पण तो माणूस पडला, आणि लोक तुला चोर म्हणाले, आणि तू चोर म्हणवून घेतलंस, ते माझ्यासाठी हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.’’ अण्णांचा आवाज फुटला. ‘‘मी पेपर वाचत बसलो रे! खोट्या वजनापायी लोकांची दुकानं बंद केली मी, आणि स्वतःच्या पोराचं दुकान बंद होताना पेपर वाचत बसलो. त्या पायजम्यापेक्षा ह्याची लाज वाटते मला.’’

मावशी रडत होती. हे उठले आणि अण्णांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. कितीतरी वर्षांत मी ह्यांना अण्णांचा हात धरलेला बघितला नव्हता.

‘‘झालं गेलं विसरा,’’ हे म्हणाले. ‘‘हे घराबाहेर जायचं कारण नाही. वाचनालयाला काय, आपण सांगू की पाइप गळत होता. लाकूड चांगलं होतं, पाइपानं घात केला. प्रश्न मिटला.’’

मलाही ते पटलं, खोटं का सांगू! धाकट्याचं नाव राहील, अण्णांची अब्रू राहील. मी मान डोलावली. मावशीसुद्धा गप्प राहिली.

‘‘पाइप कुणी बसवला होता?’’ अण्णांनी विचारलं.

हे माझ्याकडे बघायला लागले.

‘‘म्हणजे आता त्या पाय मोडलेल्या माणसावर ढकलायचं? आधी माझा मुलगा, आता तो. माझ्या एका पायजम्यासाठी अजून किती माणसं लागणार आहेत तुम्हाला?’’ त्यांनी हात पुढं केला. ‘‘फोन दे.’’

‘‘अण्णा, मी बोलतो,’’ धाकटा म्हणाला. ‘‘नीट सांगतो काहीतरी.’’

‘‘तू नीट सांगितलंस तेवढं पुरे झालं. नंबर लाव.’’

धाकट्यानं नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. अण्णांना तो बोटांत धरता येईना, म्हणून त्यांनी दोन्ही हातांच्या मधे धरला. पलीकडे फोन उचलला गेला. अण्णा ताठ बसले.

‘‘नमस्कार. तुमच्या सुताराचे वडील बोलतोय,’’ ते म्हणाले. ‘‘आमच्या बाथरूमची जमीन खचली, ते तुमच्या कानावर आलं असेल. ती माझ्यामुळं खचली. माझा लघवीवर ताबा राहत नाही. मी रोज कपडे धुऊन, न पिळता, लाकडावर ठिबकत ठेवत होतो.’’ मधे एक हुंदका आला, तो त्यांनी गिळला. ‘‘हो, ऐकू येतंय ना? पुन्हा सांगू का?’’

धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. गाठोड्यातलं पाणी माझ्या साडीवरून पायांवर उतरत होतं आणि मी जागची हलले नाही.

पलीकडून काय विचारलं ते आम्हाला ऐकू आलं नाही.

‘‘नाही, नाही,’’ अण्णा म्हणाले. ‘‘लाकूड चांगलं होतं. माझ्या मुलानं चांगलंच लाकूड घातलं होतं.’’